हातगाडीला आधी नळ द्या

अधूनमधून पालिकेची गाडी खाऊगल्लीत शिरते, सिलिंडर आणि शेगड्या उचलते आणि दोन दिवसांत त्याच जागी पुन्हा पावभाजीचा तवा वाजू लागतो. कारण दिले जाते अस्वच्छतेचे, आणि ते खोटे नाही. आमच्या स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर सगळ्या प्लेटा एकाच बादलीत बुचकळतात. रात्री आठला त्या पाण्यावर शेजवान सॉसचा लाल तवंग असतो. पण गाडीवाल्याने दुसरे पाणी आणायचे कुठून?

सिंगापूरमध्येही साठच्या दशकात हीच रड होती. तिथल्या सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात नळ व गटारजोडणी असलेली हॉकर सेंटर बांधून त्यांना तिथे गाळे दिले. आज हैनानी चिकन राइस, लाक्सा आणि डोसा एकाच छपराखाली मिळतात. २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला वारसा यादीत स्थान दिले. २०२१ पासून तर खाऊन झाल्यावर ट्रे जागेवर न नेणाऱ्या गिऱ्हाइकालाही दंड होऊ शकतो. (आपल्याकडे हे चालेल का, देव जाणे!)

आपला फेरीवाला कायदा २०१४ चा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडलेले असावेत, असे तो सांगतो. मंडईमागच्या मोकळ्या जागेत नळ, मोरी आणि वीजमीटर देऊन निदान दहा गाड्यांपासून सुरुवात करायला पालिकेला अडचण काय आहे?

– एक नियमित वाचक