अंबाडी लावायला शिकवणाऱ्या आबांना

आबा, साष्टांग नमस्कार.

तुम्ही औशाकडं गावी राहायला गेलात, त्याआधी हे तोंडावर बोलायचं राहून गेलं. लातुरात गच्चीवर काही लावू पाहणाऱ्या आणखी कुणाला उपयोग होईल, म्हणून उघडच लिहिते. नातू वाचून दाखवेलच.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या या शहरात डब्यात भाजी लावायची, याला घरातून पाठिंबा नव्हताच. तुम्ही मात्र पाण्याचा विषय काढला नाही, आधी मातीचा काढला. नुसती काळी माती डब्यात भरली तर वर भेगा आणि तळाला चिखल, म्हणून रंगाच्या डब्यांना भोकं पाडायला लावलीत, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळायला लावलंत. कण्या-डाळ धुतलेलं पाणी अंबाडीला चालतं, हेही तुमचंच.

आबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत होता, आणि माझा सगळ्यात जास्त आभार त्याबद्दल आहे. भाजीसाठी शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फुटवे येतात आणि पाला वाढतो. दोरासाठी मात्र दाट पेरायची आणि शेंडा शिवायचा नाही, म्हणजे ती फांद्या न करता सरळ उंच जाते आणि साल लांब निघते. मृगात पेरली तरी उशिरा पेरली तरी दिवस लहान व्हायला लागले की ती फुलणारच. "खत वता न्हाई तर पाणी वता, बाई, ती उन्हाचं ऐकती," असं तुम्ही म्हणालात. त्यामुळं पाला कधी खुडून घ्यायचा हे मला कॅलेंडर न बघता कळायला लागलं.

पिठ्या ढेकूण पडला तेव्हा दुकानातलं औषध आणू दिलं नाहीत. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून फवारायची. खायच्या पाल्यावर दुसरं काही मारायचं नाही, हे तुमचं म्हणणं मला आजही पूर्ण पटतं.

आणि तो दिवस. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडानं गच्चीवरची कातरलेली, बोटांसारखी पानं बघून गांजा लावलाय असा बोभाटा केला. १९८५च्या कायद्यानं विनापरवाना गांजाचं एक झाडही लावणं गुन्हा आहे, त्यामुळं मी खरंच घाबरले होते. तुम्ही काठी टेकत जिना चढून आलात. गांजाच्या पानात प्रत्येक बोट म्हणजे वेगळी पानोळी असते, अंबाडीचं पान देठाशी एकसंध असतं आणि बोटं वरूनच चिरलेली असतात, हे सगळ्यांच्या हातात पान देऊन दाखवलंत. खालची जुनी पानं तर चिरलेलीही नव्हती. मग एक कोवळं पान त्यांनाच चावायला दिलंत. आंबट लागल्यावर पुढं कुणी बोललं नाही. त्या वयात तुम्ही माझ्यासाठी तीन जिने चढलात, आबा, हे मी विसरणार नाही.

आता त्याच घरी माझ्याकडून पाला जातो. उकडून आंबट पाणी काढायचं, ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे घालून घोटायचं, वरून लसणाचं कडकडीत तेल. त्यांना भाकरीबरोबर फार आवडते.

दसऱ्यानंतर पिवळी फुलं, आत लालबुंद ठिपका, भरपूर आली. चार झाडांची बोंडं बियांसाठी राखली आहेत. वाळल्यावर राखेत घालून ठेवीन, तुमच्या वाट्याचं बी नातवाबरोबर पाठवते.

दाट पेरलेल्या डब्यांतल्या काड्या कापून टाकीत भिजत घातल्यात. वास येतोय, पण साल सुटायला लागली आहे. पोळ्याला तुम्ही घरच्या अंबाडीचे कासरे आणि दावी वळायचा, नायलॉननं बैलाची मान कापते म्हणायचा. दिवाळीला याल तेव्हा सालं धुऊन, वाळवून ठेवलेली असतील. दोर वळायला शिकवा.

तुमची लातूरची शेजारीण