परसातल्या गोठ्यासाठी वेगळा नियम हवा

संपादक महोदय,

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका वाड्यावर मी राहते. घरी दोन गायी आणि एक म्हैस आहे, दूध सोसायटीत घालते. गेल्या पावसाळ्यात घरामागचा आमचा मांगर, म्हणजे गुरांची आणि गवत-लाकडांची शेड, कोसळला. मातीच्या भिंती, वर चुडते म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्या आणि चुडतांवर ताडपत्री, असा तो सासूबाईंच्या काळापासूनचा होता. गुरे वाचली, पण साठवलेले गवत आणि जळाऊ लाकडे भिजून गेली. त्याच जागी चिऱ्यांचे खांब आणि वर पत्रे घालून तीन मीटर बाय पाच मीटरचा गोठा उभारायचा, एवढेच आमच्या मनात होते.

परवान्यासाठी पंचायतीत गेले, तर कागदपत्रांची यादी मिळाली. नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, जमीन बांधकामासाठी वापरण्याची सनद, एक-चौदाचा उतारा (जमिनीवर कोणाकोणाची नावे आहेत ते दाखवणारा), अभियंत्याने सही केलेला आराखडा आणि मजबुतीचा दाखला, आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला, शिवाय सर्व सहमालकांची संमती. दुमजली बंगला बांधणाऱ्यालाही हीच यादी देतात. सचिवांना मी दोष देत नाही. ते नीट बोलले, बसवून समजावून सांगितले. छोट्या बांधकामासाठी त्यांच्याकडे दुसरा अर्जच नाही, तर ते तरी काय करणार?

या यादीतली सर्वांत कठीण गोष्ट सहमालकांची संमती. गोव्याबाहेरच्या वाचकांना याची कल्पना नसेल. आमच्या एक-चौदावर अजून सासऱ्यांच्या पिढीची नावे आहेत, त्यातले बहुतेक आज हयात नाहीत. त्यांची मुले-नातवंडे मुंबईला, बेळगावला, कोणी आखातात. गोव्याच्या दिवाणी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून प्रत्येक भावाबरोबर त्याच्या बायकोचीही सही लागते. जमिनीची रीतसर वाटणी हवी तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा-वाटणीचा दावा, घालायची. पंधरा चौरस मीटरच्या पत्र्याखाली म्हैस बांधण्यासाठी कुठल्या कुटुंबाला हे परवडेल? आणि घराण्यात एकाशी जरी बिनसलेले असेल, तरी त्याची एक सही अडली की सगळे अडले.

वेळेचाही प्रश्न आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जनावर सतत ओल्या चिखलात उभे राहिले की खुरे सडतात, कासदाह होतो, दूध आटते. कागद फिरत राहिले म्हणून मृग थांबत नाही. एका बाजूने सरकारच कामधेनू योजनेतून गायी घ्यायला अनुदान देते, ते चांगलेच आहे. पण ती गाय बांधायची कुठे, हे दुसऱ्या खात्याच्या टेबलावर अडकून राहते.

हद्दीपासून अंतर सोडण्याचा नियमही घर डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. आमच्या जुन्या लोकांनी गोठा परसाच्या टोकाला, हद्दीजवळ बांधला तो विचार करून. शेणाचा वास आणि माशा स्वयंपाकघरापासून लांब राहाव्यात, विहीर चढाला आणि शेणखड्डा उताराला असावा, पावसाचे पाणी गोठ्याकडून विहिरीकडे वाहू नये. अरुंद परसात चारही बाजूंनी अंतर सोडायचे म्हटले तर गोठा न्हाणीला येऊन चिकटतो, आणि मग आरोग्य केंद्राने हरकत घेतली तर ती योग्यच म्हणायची. शेजाऱ्याच्या विहिरीपासून किती लांब, सांडपाणी कुठे जाते, हे तपासणे जास्त गरजेचे आहे.

नियमच नकोत असे मी म्हणत नाही. बार्देश तालुक्यात किनाऱ्याकडच्या गावांत जुने मांगर आणि परसातल्या शेड पर्यटकांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत. डिसेंबर 2025 मध्ये हडफडे येथे नाईटक्लबच्या आगीत 25 माणसे गेली. परवान्याविना चाललेल्या बांधकामाकडे डोळेझाक केली की काय होते, हे त्या रात्री सगळ्या गोव्याने पाहिले. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्याकडेच्या आणि शेतजमिनीतल्या बेकायदा बांधकामांवर कारवाई करण्याचे आदेश दिले, त्याचे मी मनापासून स्वागत करते. शेते बुजवून उभ्या राहिलेल्या इमारती आम्हीही बघतोच. पण तेव्हापासून गावात एक भीती बसली आहे. भावकीतला वाद असो की कुंपणावरून झालेले भांडण, लोक सरळ परसातल्या शेडविरुद्ध तक्रार देतात. मग गाय बांधणारा आणि खोल्या भाड्याने देणारा, दोघांच्या हाती सारखीच नोटीस येते.

वास्तविक गोव्याच्या कायद्याला हा फरक पूर्वीपासून ठाऊक आहे. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. 1975 च्या मुंडकार कायद्यात राहत्या घराच्या व्याख्येतच मुंडकाराचा गोठा, डुकरांची खोप आणि त्याच्या धंद्याची शेड धरली आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत राहणाऱ्या माणसाला घराबरोबर गुरांचे छप्परही लागते, हे त्या वेळच्या विधानसभेने ओळखले होते. मग परवान्याच्या वेळी तेच छप्पर स्वतंत्र इमारत का धरायचे?

माझी नगरनियोजन मंत्र्यांकडे आणि पंचायत खात्याकडे मागणी आहे की 2010 च्या बांधकाम नियमावलीत परसातल्या छोट्या बांधकामांचा स्वतंत्र वर्ग करावा. गोठा, लाकडांची शेड, बाहेरची न्हाणी, पावसाळ्यापुरते अंगणावरचे पत्रे, एवढेच त्यात यावे. एकच मजला, वर स्लॅब नाही, वीस चौरस मीटरच्या आत. मालकाने हाताने काढलेला नकाशा, जागेचे फोटो आणि वापराचे हमीपत्र पंचायतीला द्यावे. सचिवांनी जागा पाहून पंधरा दिवसांत होय की नाही ते लेखी कळवावे. सहमालकांपैकी जो त्या घरात प्रत्यक्ष राहतो त्याची सही पुरे धरावी, आणि या परवान्याने जमिनीवर कुणाचाही हक्क तयार होत नाही असे त्यावरच छापावे. त्यामुळे बाहेरगावच्या भावंडांचा वाटा सुरक्षित राहील. त्या शेडमध्ये पुढे खाट टाकून भाडेकरू ठेवला, तर परवाना आपोआप रद्द व्हावा आणि दंड जबर असावा. केरळमध्ये 300 चौरस मीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या घरांनाही स्वप्रमाणपत्रावर परवाना देण्याची सोय आहे. आम्ही तर गोठ्यापुरते मागतो आहोत.

'माझे घर' योजनेत यातले काही सुटेल असे मला काहींनी सांगितले. ती योजना जुन्या घरांना कायदेशीर करण्यासाठी आहे आणि त्यासाठी घर 28 फेब्रुवारी 2014 च्या आधीचे असावे लागते. गेल्या पावसात पडलेला मांगर यंदा पुन्हा उभा करायचा, त्याला तिचा उपयोग नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. ज्यांच्या परसात गुरे आहेत त्यांनी आपापल्या पंचायतीत तो मांडावा. ठरावाची प्रत नगरनियोजन खात्याला आणि आपल्या आमदारांना पाठवावी, आणि पोच घ्यायला विसरू नये. मार्चपर्यंत निर्णय झाला तरच मे महिन्यात खांब उभे राहतील.

आपली,
एक दूध उत्पादक, डिचोली तालुका
(नाव व गाव छापू नये, ही विनंती)