फळ्यावरचा ज्वालामुखी

ह्यूस्टन,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर मी फेब्रुवारीतल्या सहलीचा विषय काढला, तेव्हा आईने "कुठे गं एवढ्या लांब?" असे विचारले आणि बाबांनी लगेच नकाशा मागितला. त्या वेळी दोघांनाही समाधानकारक उत्तर देता आले नाही, कारण माझीच आखणी कच्ची होती. आता ती बरीचशी पक्की झाली आहे, म्हणून हे पत्र सवडीने लिहीत आहे. तुम्हीही ते सवडीने वाचा आणि मगच होकार किंवा नकार कळवा.

आधी कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे तीन महिने राहिलात. मी दिवसभर कामावर असे आणि बाबा रोज संध्याकाळी घरापुढच्या त्याच रस्त्यावर चार फेऱ्या मारून परत येत. मग मी तुम्हाला बसच्या सहलीला पाठवले. त्या आठ दिवसांत तुम्ही शहरे पाहिलीत ती काचेतून, आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटांत परत या असे तुम्हाला सांगितले गेले. तुम्ही तक्रार केली नाहीत, पण परतल्यावर आई म्हणाली होती, "पाय जमिनीला लागलेच नाहीत." ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. ज्या माणसाने तीस वर्षे मुलांना अजिंक्यताऱ्यावर नेऊन दगडांचे थर हाताने दाखवले आणि जी बाई गुडघा दुखेपर्यंत दर श्रावणात यवतेश्वर चढत होती, त्या दोघांना मी बसच्या खिडकीशी बसवून ठेवले. या वेळी सात दिवसांची सहल पायांनी करायची, पण ती तुमच्या पायांच्या गतीने, असे मी ठरवले आहे.

देश आहे कोस्टा रिका. बाबा, नकाशात निकाराग्वा आणि पनामा यांच्यामध्ये पाहा. साधारण आठ ते अकरा उत्तर अक्षांश, म्हणजे आपल्या केरळच्या ओळीतच. क्षेत्रफळ सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा राखीव जंगल व राष्ट्रीय उद्याने म्हणून सांभाळलेला आहे. या देशाने १९४८ साली आपले सैन्य विसर्जित केले आणि ते पुन्हा कधी उभारले नाही. ह्यूस्टनहून विमान चार तासांच्या आत पोहोचते. फेब्रुवारीत तिथले घड्याळ आणि आमचे घड्याळ एकच असते, त्यामुळे तुम्ही जानेवारीच्या अखेरीस इथे येऊन तीन आठवडे राहिलात की झोपेची सवय पुन्हा बदलावी लागणार नाही. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ असतो. ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात सारा देश सुटीवर निघतो, तो मी मुद्दाम टाळला आहे. तुमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेश देणारा पर्यटक व्हिसा आहे, आणि तो असलेल्या भारतीयांना तिथे वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. तरीही तिकिटे काढण्याआधी मी त्यांच्या वकिलातीकडून लेखी खात्री करून घेणार आहे.

आपण शनिवारी उतरू आणि ती रात्र विमानतळाजवळच आलाहुएला गावात काढू. राजधानी सान होसे मी वगळली आहे, कारण शहरे आपण पुष्कळ पाहिली. रविवारी सकाळी तीन तासांचा घाटरस्ता पार करून ला फोर्तुना या गावी पोहोचू आणि तिथे तीन रात्री राहू.

बाबा, या गावासाठीच मी हा देश निवडला, हे आता सांगून टाकते. सातवीत असताना मी तुमच्याच वर्गात होते. तुम्ही फळ्यावर रंगीत खडूने ज्वालामुखीचा छेद काढत होतात. आधी पांढरा शंकू, मग तांबडी नळी आणि शेवटी हाताच्या पंजाने पुसट केलेला धूर. घंटा झाल्यावर कोणीतरी विचारले, "सर, तुम्ही खरा पाहिलाय का?" तुम्ही म्हणालात, "आपण सगळे त्याच्यावरच उभे आहोत, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला." उत्तर बरोबर होते. तरी तुम्ही डस्टर खाली ठेवताना फळ्याकडे जसे पाहिलेत, ते मला अजून आठवते.

ला फोर्तुना हे आरेनाल नावाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. उंची साडेसोळाशे मीटरच्या आसपास आणि आकार अगदी तुमच्या खडूच्या शंकूसारखा. कित्येक शतके तो शांत होता, अंगावर जंगल वाढले होते आणि पायथ्याची माणसे त्याला साधा डोंगर समजत. २९ जुलै १९६८ रोजी त्याचा एकाएकी स्फोट झाला. ताबाकोन आणि पुएब्लो नुएवो ही गावे नष्ट झाली आणि ऐंशीच्या आसपास माणसे दगावली. ला फोर्तुना डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होते म्हणून वाचले. त्यानंतर २०१० पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, तो लाव्हा आणि राख टाकतच राहिला. आता तो निद्रिस्त आहे. आई, शास्त्रज्ञ त्याच्यावर सतत लक्ष ठेवतात आणि शिखराकडे कोणालाही जाऊ देत नाहीत, म्हणून तू काळजी करू नकोस. आपली वाट पायथ्याच्या राष्ट्रीय उद्यानातली आहे.

सोमवारी सकाळी सातला निघून आपण त्या वाटेने १९९२ सालच्या लाव्हाच्या प्रवाहापर्यंत चालत जाऊ. आपली दख्खनची लाव्हा भेगांतून उसळली, पातळ होती, म्हणून पसरत गेली आणि तिचे आडवे थर बनले. इथे कोकोस भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा, शेजारच्या कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो आणि त्यातून निघणारी लाव्हा दाट असते. ती लांब वाहत नाही, तोंडाशीच साचून शंकू उभा करते आणि थंड होताना ओबडधोबड काळे धोंडे होऊन बसते. हे मी तुम्हाला सांगणे म्हणजे सूर्याला दिवा दाखवणे आहे. तुमच्याच वहीतून शिकलेले परत लिहीत आहे. पण तिथे १९९२ सालचा दगड आहे, माझ्याही पेक्षा लहान, आणि त्यावर हात ठेवून उभे राहिलेले तुम्ही मला पाहायचे आहात.

वाट बहुतांशी सपाट आहे, फक्त शेवटचा टप्पा खडकाळ चढणीचा आहे. आईला तिथे नको वाटले तर ती आणि मी खाली सावलीत थांबू आणि बाबा वाटाड्याबरोबर वर जातील. त्याच उद्यानात दुसऱ्या पायवाटेवर सेइबा जातीचा एक प्रचंड जुना वृक्ष आहे. आई, तो म्हणजे आपली पांढरी सावर. तिच्या बुंध्याला भिंतीसारखी आधारमुळे फुटतात आणि एका मुळाआड तीन-चार माणसे सहज उभी राहू शकतात. संध्याकाळी ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेल्या झऱ्यांत पाय सोडून बसता येईल. तुरळ-राजवाडीच्या कुंडांत तुझ्या गुडघ्याला जो आराम पडला होता, तोच इथे पडावा अशी माझी आशा आहे. बाबांनी मात्र रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम पाण्यात पूर्ण उतरायचे नाही.

मंगळवारी नदी. बाल्सा नदीवर खळाळत्या पाण्यातले राफ्टिंग प्रसिद्ध आहे आणि मला ते करायची फार इच्छा होती. पण त्यात तुम्ही काठावर बसून माझी वाट पाहणार, म्हणजे पुन्हा खिडकीच. म्हणून मी ते सोडले आणि पेन्यास ब्लांकास या संथ नदीवरचा तराफा निवडला. त्यावर आपण तिघे बसू, वल्ही वाटाड्या मारील आणि काठच्या झाडांवर माकडे, घोरपडीसारखे मोठे हिरवे इग्वाना आणि नशीब असेल तर स्लॉथ दिसेल. स्लॉथ म्हणजे फांदीला उलटे लटकून राहणारा, अतिशय मंद चालणारा प्राणी. तो साधारण आठवड्यातून एकदा, तेही मलविसर्जनापुरता, झाडावरून खाली उतरतो.

ला फोर्तुनाचा धबधबाही मी यादीतून काढला आहे. त्याच्या पायथ्याशी पोहोचायला सुमारे पाचशे पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात, आणि आईचा गुडघा चढताना नव्हे तर उतरताना दुखतो, हे मला ठाऊक आहे. बाबांना जाहिरातीत दिसलेली झिपलाईनही नाही. जंगलाच्या माथ्यावरून तारेला लटकून जाण्याचा हा प्रकार याच देशात पर्यटकांसाठी रुजला, पण अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने तो करावा असे मला वाटत नाही आणि यावर मी वाद घालणार नाही. समुद्रकिनाराही सोडला, कारण सात दिवसांत तिसरे ठिकाण घेतले तर दोन दिवस गाडीतच जातील.

बुधवारी आपण मोंतेवेर्देला जाऊ. रस्त्याने गेले तर तळ्याला मोठा वळसा पडतो, म्हणून इथले लोक गाडी, मग होडी आणि पुन्हा गाडी असा तीन तासांचा प्रवास करतात. आरेनालचे तळे पाहून तुम्हाला कोयनेचा शिवसागर आठवेल. १९७९ साली वीजनिर्मितीसाठी धरण बांधून ते वाढवले गेले आणि जुनी दोन गावे पाण्याखाली गेली. आजोळचे बामणोलीकडचे शेत आठवून आई त्या पाण्याकडे कशी पाहील, याची मला कल्पना आहे.

मोंतेवेर्दे सुमारे चौदाशे मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराइतकेच, त्यामुळे विरळ हवेचा त्रास नाही. बाबा, इथे साताऱ्याचाच भूगोल उलटा मांडलेला आहे. आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, महाबळेश्वराला भिजवतो आणि माण-खटावला कोरडे ठेवतो. तिथे व्यापारी वारे पूर्वेच्या कॅरिबियन समुद्रावरून बाष्प आणतात, तिलारान पर्वतरांग चढताना त्याचे ढग होतात आणि पश्चिमेचा ग्वानाकास्ते प्रांत कोरडा राहतो. हे ढग वर्षभर झाडांतून फिरत असतात, म्हणून पाऊस नसतानाही फांद्यांवरून पाणी ठिबकते आणि एकेका फांदीवर शेवाळे, नेचे आणि ऑर्किड यांची बाग फुललेली असते. १९५१ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातून क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबे इथे आली. सक्तीच्या सैन्यभरतीला त्यांचा धर्माने विरोध होता आणि सैन्य नसलेला देश त्यांना हवा होता. त्यांनी गाई पाळल्या, चीज करायला सुरुवात केली, आणि आपल्या ओढ्यांचे पाणी टिकावे म्हणून डोंगरमाथ्यावरचे जंगल न तोडता राखून ठेवले. १९७२ साली त्या परिसरात जे अभयारण्य उभे राहिले, त्यात आपण गुरुवारी चालणार आहोत. पाण्यासाठी राखलेले रान हे देवराईहून फार वेगळे नाही. सगळेच मात्र वाचले नाही. फक्त याच डोंगरावर राहणारा सोनेरी रंगाचा एक बेडूक १९८९ नंतर कोणालाही दिसलेला नाही.

इथे दुर्बीण असलेला स्थानिक वाटाड्या मी ठरवणार आहे. केत्साल नावाचा लांब हिरव्या शेपटीचा पक्षी रानटी अॅव्होकाडोच्या झाडांवर येतो आणि तो पानांत असा मिसळतो की माहितगार डोळ्यांखेरीज दिसत नाही. शुक्रवारी सकाळी कॉफीचा एक छोटा मळा पाहून आपण उजेडीच खाली उतरू, कारण तिथे बारा महिने सहाच्या सुमारास अंधार पडतो. गाडी मी चालवणार नाही. ओळखीच्या रस्त्यांचा चालक घेणार आहे.

आई, जेवणाचे. सकाळी गायो पिंतो म्हणून भात आणि काळ्या घेवड्याचा परतलेला प्रकार सगळीकडे मिळतो. दुपारच्या ताटाला कासादो म्हणतात, त्याचा अर्थ विवाहित. त्यात भात, घेवडा, कोशिंबीर आणि तळलेले पिकले केळे असते, आणि मांसाऐवजी भाजी मागता येते. घेवड्यात कधी डुकराची चरबी घालतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी मी स्वतः स्पॅनिशमध्ये विचारूनच तुझ्या पुढे ताट ठेवीन. पपई आणि अननस भरपूर मिळेल. मेतकुटाची पुडी तू आणशीलच.

आता तुमच्याकडचे काम. आजपासून चार महिने आहेत. बाबांनी रोज पाऊण तास चालायचे आणि आठवड्यातून दोनदा अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर अर्ध्यापर्यंत जायचे. आईने सपाटीवर वीस मिनिटांपासून सुरुवात करायची, काठी घेऊन, आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलेले मांडीचे व्यायाम चुकवायचे नाहीत. बूट याच महिन्यात घ्या, म्हणजे तोवर पायांना सरावतील. हृदयाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांना हे पत्र दाखवा आणि त्यांची लेखी संमती, औषधांची नावे असलेल्या चिठ्ठीसह, मला पाठवा. जुने आजार धरणारा प्रवासी विमा मला त्यावरूनच काढायचा आहे. खर्चाचा तक्ता वेगळ्या कागदावर सोबत आहे. बाबा, तो पाहा, पण त्यातली कोणतीही रक्कम देण्याचा विषय काढू नका.

आणखी एक विनंती. फोनवर दोघांच्या वतीने बाबाच बोलतात आणि "तिला काही अडचण नाही" असे सांगतात. या वेळी आईने वेगळे पत्र लिहावे, आपल्या हाताने, आणि गुडघा खरोखर किती वेळ साथ देतो ते मिनिटांत लिहावे. दहा मिनिटे असतील तर दहा लिही. मी आखणी दहाची करीन.

तुमची,
मीनल