पॉलिशआधीचे काम

मा. संपादक यांस,

दसरा जवळ आला की गाडी चमकवून देण्याच्या पाट्या कोल्हापुरात जागोजागी लागतात. परंतु रंगावर बसलेला जुन्या मेणाचा व मळाचा थर न काढताच पॉलिशचे मशीन फिरवले, तर तोच मळ घासला जाऊन कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठतात. माझ्या पांढऱ्या गाडीचे नेमके असेच झाले. उद्यमनगर परिसरात लोखंडाची कामे चालत असल्याने त्याचे कण रंगात रुततात, ओल लागली की तांबूस ठिपके दिसू लागतात आणि साध्या शाम्पूने ते निघत नाहीत.

धुतलेल्या बॉनेटवरून पातळ प्लास्टिकची पिशवी घातलेला हात फिरवावा. खरखर लागली तर सावलीत, थंड पत्र्यावर, शाम्पूच्या पाण्याचा फवारा मारत क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून घेणारी मऊ, मातीसारखी वडी) हलक्या हाताने चालवावा, आणि तो जमिनीवर पडला तर (जीव कितीही हळहळला तरी) टाकून द्यावा. उरलेले मेण पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मायक्रोफायबर कापडाने पुसावे. गॅरेजवाल्यांनी हे काम दरपत्रकात वेगळे लिहावे; त्याचे पैसे द्यायला माझी ना नाही.

— एक वाचक, कोल्हापूर