टेमघर धरणाची गळती आधी पूर्ण थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात रोज चौकट येते, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या पुण्याच्या धरणांत कुठे किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झालं. आम्ही धायरीकर पेपर हातात आला की आधी तीच बघतो, कारण उन्हाळ्यात टँकर मागवायचा की नाही ते त्यावरच ठरतं. चारही मिळून साधारण 29 टीएमसी, त्यात टेमघर 3.71. खडकवासल्यात मावतं फक्त 1.97, म्हणजे टेमघर जवळपास दुप्पट आहे, तरी पुण्यात त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

2016 ला गळती इतकी वाढली की गुन्हे दाखल झाले, मग 2017 ला दुरुस्ती सुरू झाली. भिंतीला ड्रिलिंग करून आत सिमेंटचं ग्राउट (पातळ मिश्रण) भरलं आणि गळती खरंच खूप कमी झाली, ज्यांनी भर उन्हात ते काम केलं त्यांचं कौतुकच आहे. पण पाण्याच्या बाजूने भिंतीला शॉटक्रीटचा (दाबाने फवारलेल्या काँक्रीटचा) थर द्यायचं वगैरे पुढचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. दगडी धरणात मधला माल कच्चा राहिला की पाणी भिंतीच्या पोटातून वाट काढतं आणि जाताना चुना धुऊन नेतं, बाहेरून पांढरे ओघळ दिसतात ते त्याचेच. म्हणजे जेवढं थांबाल तेवढी भिंत आतून अजून पोकळ होत जाणार. 1879 चं खडकवासला अजून शहराला पाणी देतंय आणि 2000 च्या आसपासचं टेमघर इतक्या लवकर म्हातारं झालं याचं मला फार वाईट वाटतं.

काहीजण म्हणतात, गळलेलं पाणी मुठा नदीतून खडकवासल्यातच येतं, मग बिघडलं कुठे? अहो बिघडलं वेळेचं. ऑगस्टमध्ये खडकवासला आधीच भरलेला असतो, तेव्हा वरून आलेलं जास्तीचं पाणी भिडे पुलावरून पुढे निघून जातं, आणि मे महिन्यात टेमघर कोरडं. धरण बांधतात ते पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवायला, ते जर धरूनच ठेवता येत नसेल तर कागदावर 3.71 लिहून काय उपयोग.

शिवाय पाण्याच्या बाजूचं काम करायला धरण रिकामं लागतं, म्हणजे पाऊस येईपर्यंत हातात जेमतेम काही महिने. निधी आणि वर्क ऑर्डर मार्चमध्ये आली तर मशिनरी चढवेपर्यंत जून उजाडतो आणि अख्खं वर्ष गेलं. त्यामुळे जलसंपदा खात्याला कळकळीची विनंती, पैसे आणि टेंडर दिवाळीच्या आत उरका, पाणी उतरलं की दुसऱ्या दिवशी माणसं भिंतीवर दिसली पाहिजेत. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा काय झालं ते पुण्याला कोणी सांगायला नको, धरणाच्या भिंतीच्या बाबतीत चालढकल या शहराला परवडणारी नाही.

आणि तुम्हालाही एक विनंती. त्या रोजच्या चौकटीत टेमघरच्या साठ्यासमोर गळती सेकंदाला किती लिटर तेही छापा. खात्याकडे आकडा असणारच, तो मागा आणि दर आठवड्याला द्या.

आपला वाचक,
धायरी, पुणे