लेकचं पाणी खारट नसतं

प्रिय वैशू,

तुझा मेसेज आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते, स्टेशन येऊन गेलं तरी कळलं नाही, इतका आनंद झाला. तू, समीर, दोन्ही पोरं आणि काकूपण, अख्खं घर जुलैमध्ये शिकागोला येतंय! मेसेजवर तुकड्यातुकड्यात लिहिण्यापेक्षा एकदाच निवांत सगळं सांगते म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन वाच.

तू पाठवलेली यादी बघितली, पाच दिवसांत सतरा ठिकाणं. वैशू, ती यादी आधी फाड. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा हेच केलं होतं गं. सई चार वर्षांची होती, दोन दिवसांत तीन म्युझियम, आणि फील्ड म्युझियममध्ये चाळीस फुटी टी-रेक्सच्या सापळ्यासमोर पोरगी स्ट्रॉलरमध्ये गाढ झोपलेली, मी आपली तिला हलवून उठवतेय की अगं बघ बघ, डायनासोर बघ. संध्याकाळी थकून भागून नुसतंच लेक मिशिगनच्या, म्हणजे इथल्या मोठ्या तळ्याच्या काठावर जाऊन बसलो तर ही उठली, पाण्यात पाय घातले, बोट बुडवून चाटलं आणि ओरडली, "आई, हा समुद्र खारट नाहीये!" त्या ट्रिपमधलं तिला आजही तेवढंच आठवतं. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, रोज अर्धा दिवस लेकसाठी ठेवायचा आणि उरलेल्या वेळात एक, फक्त एक, तिकिटाचं ठिकाण.

तळं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे रंकाळा येतो, पलीकडचा काठ दिसतो, मधे वारा, हातात भेळ. इथे पलीकडे काहीच दिसत नाही. लेक मिशिगन ५८,००० चौरस किलोमीटर आहे, आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याच्या जवळपास, आणि सगळं गोडं पाणी. लाटा येतात, वाळू आहे, सीगल्स आहेत, फक्त खारा वास नाही. अर्णवला नकाशावर आधीच दाखवून ठेव, त्याला आकडे आवडतात ना.

आणि हा काठ सगळ्यांसाठी मोकळा आहे, हे मला या शहरातलं सगळ्यात मोठं वाटतं. १८३६ च्या नकाशावरच लिहून ठेवलेलं की ही जागा लोकांची, इथे कधी इमारत बांधायची नाही. पुढे लोक बांधायला लागलेच, तर माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या कॅटलॉगने माल विकणाऱ्या व्यापाऱ्याने १८९० पासून जवळजवळ वीस वर्षं कोर्टात केसेस लढवल्या आणि डाउनटाउनसमोरचा काठ मोकळा ठेवला. श्रीमंत लोकांचे टॉवर रस्त्याच्या अलीकडे आणि वाळू मात्र ज्याला बसायचंय त्याची. काठाकाठाने अठरा मैलांचा चालायचा-सायकलचा रस्ता आहे, तिकीट नाही की गेट नाही. मी आजही तिथून चालले की त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडते.

आता पहिला दिवस. जेटलॅग असणार, पोरं पहाटे चारला टक्क जागी. म्हणून सकाळी लवकरच मिलेनियम पार्कला जायचं, गर्दी व्हायच्या आत. तिथला तो चकचकीत बीन, खरं नाव क्लाउड गेट, अनिश कपूरचा आहे, आपल्या मुंबईत जन्मलेला माणूस. १६८ स्टीलच्या प्लेटा जोडल्यात पण एक सांधा दिसत नाही. पोरांना त्याच्या पोटाखाली उभं करून वर बघायला सांग, स्वतःचं तोंड कुठेच्या कुठे ताणलेलं दिसतं. पण ओवीला खरी मजा येणार ती शेजारच्या क्राउन फाउंटनला. समोरासमोर पन्नास फुटी काचेचे दोन मनोरे, त्यावर शिकागोतल्याच साध्या माणसांचे चेहरे, ते हळूच डोळे मिचकावतात, मग ओठांचा चंबू होतो आणि तोंडातून पाण्याची धार पडते. खाली काळ्या दगडावर जेमतेम घोट्याएवढंही पाणी नसतं, सगळी पोरं तिथे चेहऱ्याकडे बघत उभी, आता सोडणार, आता सोडणार, आणि धार पडली की एकच किंचाळी. तासभर हलणार नाहीत. कपड्यांचा एक जास्तीचा जोड आणि टॉवेल हवाच, नाहीतर सकाळच्या वाऱ्यात कुडकुडतील. तिथूनच पूल ओलांडला की मॅगी डेली पार्क, घसरगुंड्या वगैरे सगळं फुकट.

काकूंसाठी मात्र एक गोष्ट मी मुद्दाम ठरवलीय. त्याच रस्त्यावर आर्ट इन्स्टिट्यूट आहे, दारात दोन ब्राँझचे सिंह. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंदांनी "अमेरिकेतल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो" म्हटलं ते याच इमारतीत. तो हॉल आता तसा राहिला नाही, पण इमारत तीच. माझ्या आईला नेलं होतं तेव्हा ती काही बोलली नाही, चप्पल काढली आणि पायरीला हात लावला. काकूंचंही तसंच होईल बघ. आणि पोरं कंटाळतील असं समजू नको, तळमजल्याच्या खाली थॉर्न मिनिएचर रूम्स आहेत, बाहुलीच्या घराएवढ्या ६८ खोल्या, त्यात नखाएवढ्या कपबशा, इवलीशी पुस्तकं. लहानांसाठी पायरीसुद्धा आहे चढून बघायला. चौदाखालच्या मुलांना तिकीट नाही.

दुसऱ्या दिवशी लिंकन पार्क झू. १८६८ पासूनचं आहे, न्यूयॉर्कने हंसांच्या दोन जोड्या दिल्या त्यावर सुरू झालं आणि आजही वर्षभर फुकट. सॅन डिएगोसारखं प्रचंड नाही, पण चार वर्षांच्या पायांना तेच बरं, सिंह, माकडं, आतच एक छोटी शेती आहे गाई-शेळ्यांची, दोन-अडीच तासांत होतं. बाहेर तळ्याकाठी लाकडी कमान आहे, मधाच्या पोळ्यासारखी, त्यातून सगळे टॉवर दिसतात, फोटो तिथे काढा. मग पादचारी पुलाने मोठा रस्ता ओलांडला की नॉर्थ अव्हेन्यू बीच, बोटीच्या आकाराची निळी-पांढरी इमारत दिसली की पोचलात. डबा तिथेच खायचा.

पाण्याबद्दल मात्र नीट ऐक. वाळूत झेंडा असतो, हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पायसुद्धा घालायचा नाही. तळं आहे म्हणून लोक हलक्यात घेतात पण लाटा ओढून नेतात, दरवर्षी जीव जातात. लाइफगार्ड असतील तेव्हाच आणि पोरांचा हात धरूनच. आणि पाणी जुलैतही गार असतं. काठावर शहरापेक्षा थंड असतं, त्यामुळे काकूंची शाल आणि सगळ्यांची पातळ जॅकेट्स हवीतच.

मोठं म्युझियम एकच करायचं असेल तर मी सायन्स अँड इंडस्ट्रीला मत देईन, लोक मला वेड्यात काढतील कारण बहुतेक सगळे शेड अॅक्वेरियमला पळतात. शेड छानच आहे गं, पण उन्हाळ्यात गर्दीत पोरांना माशापेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. सायन्सवालं हाइड पार्कमध्ये आहे, १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतीत. आत १९४४ मध्ये पकडलेली खरीखुरी जर्मन पाणबुडी आहे, यू-५०५, जवळ गेलं की कळतं केवढी लांब ते. आणि एका काचेच्या पेटीत अंडी फुटून पिल्लं बाहेर येतात. आम्ही एका अंड्यासमोर पाऊण तास बसलो होतो. आधी बारीक चीर, मग चोच, मग बराच वेळ काहीच नाही, पिल्लू दमून पडलेलं, सईने काचेला हात लावून ठेवलेला, आणि मग एकदम सगळं कवच बाजूला आणि ओलंचिंब पिल्लू लटपटत बाहेर. आजूबाजूची अनोळखी माणसं टाळ्या वाजवायला लागली. ओवीला ते नक्की दाखव, घाई करू नको. म्युझियमच्या मागेच जपानी बाग आहे, काकू तिथे बाकावर निवांत बसतील, आणि थोडं चाललं की ५७ नंबर रस्त्याचा बीच, तिथे नॉर्थ अव्हेन्यूपेक्षा खूप कमी गर्दी. जायला मिलेनियम पार्कच्या खालूनच मेट्रा म्हणजे इथल्या लोकलची इलेक्ट्रिक ट्रेन मिळते.

हो, आणि म्युझियमचे फ्री दिवस जे तू नेटवर बघितलेस ते इलिनॉयमध्ये राहणाऱ्यांसाठी असतात, त्यावर प्लॅन करू नका.

गाडी भाड्याने घेऊ नका. पार्किंगचा खर्च आणि शोधाशोध, दोन्ही नको. सात वर्षांखालची मुलं ट्रेन-बसमध्ये फुकट, अर्णवला कमी तिकीट. एक संध्याकाळ नुसती ब्राउन लाइनच्या ट्रेनमध्ये बसा, पहिल्या डब्यात, पुढच्या खिडकीशी. १८९७ पासूनचे लोखंडी खांबांवरचे रूळ, दोन इमारतींच्या मधून गाडी इतक्या जवळून वळते की ऑफिसमधल्या माणसाच्या टेबलावरचा कॉफीचा मग दिसतो. फक्त सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही, काकूंचे गुडघे लक्षात घेऊन आधी बघून निघायचं, किंवा बस पकडायची, बस फुटपाथच्या बाजूला खाली झुकते.

नदीवरची आर्किटेक्चरची बोट टूर सगळे सांगतील, मोठ्यांसाठी सुंदर आहे, पण दीड तास ओवी बसणार नाही. त्यापेक्षा पुलावर उभं राहून अर्णवला सांग की ही नदी उलटी वाहते. आधी ती लेकमध्ये जायची, शहराची सगळी घाण घेऊन, आणि पिण्याचं पाणीही लेकचंच, लोक आजारी पडायचे. म्हणून १९०० मध्ये कालवा खणून नदीचं तोंडच फिरवलं.

घरच्या जेवणाची आठवण येईल त्या दिवशी डेव्हन अव्हेन्यू. इथले पत्ते सोपे आहेत, स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांच्या चौकात शून्य आणि आठशे नंबर म्हणजे एक मैल, डेव्हन ६४०० नॉर्थ म्हणजे आठ मैल, हे गणित अर्णवला करू दे. रेड लाइनने लॉयोला, तिथून १५५ नंबर बस. साड्यांची दुकानं, मिठाई, किराणा, पाकिस्तानी कबाब, कढीपत्त्याच्या जुड्या, सगळं एका रस्त्यात, चकाचक वगैरे नाही पण मला तिथे गेलं की बरं वाटतं. जवळच इंडियन बाउंडरी पार्क आहे, उन्हाळ्यात पाण्याचे फवारे आणि मस्त खेळायची जागा. नाव वाचून पोरं आपलंच समजतील, पण ते १८१६ च्या करारातल्या इथल्या मूळ लोकांच्या हद्दीवरून पडलंय, सांग त्यांना तेही.

पिल्सन नावाच्या वस्तीत भिंतीभिंतींवर चित्रं आहेत आणि मेक्सिकन आर्टचं म्युझियम फुकट आहे, पाय शिल्लक असतील तर. विलिस टॉवरची १०३ व्या मजल्यावरची उभं राहून खाली बघायची काचेची पेटी समीरला हवी असेल तर तो आणि अर्णव जाऊ देत, रांग लांब असते, आपण दोघी तोवर काठावर बसू.

रविवारी मी सुट्टी टाकलीय आणि स्वयंपाक माझ्याकडे. दुपारनंतर लेककाठच्या माँट्रोझला जाऊ, तिथल्या टेकाडावरून सगळं शहर एका ओळीत दिसतं, सतरंजी टाकू, मी चिरमुरे आणि चिंचेची चटणी करून आणते, बारीक शेव तेवढी तू आपल्याकडची आण, इथली तशी लागत नाही. फ्लाइटचा नंबर पाठव, आणि काकूंना जिना किती चढवतो ते खरं खरं सांग, हॉटेल त्यावर ठरवू.

तुझीच,
मंजू