घोरपडीवर उपचार करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बदलीची ऑर्डर आल्याचं परवा दूध संस्थेत कळलं. निरोपाच्या कार्यक्रमात हारतुरे होतील, सरपंच बोलतील, तुमच्यामुळे कुणाची गाभण म्हैस वाचली, कुणाच्या कालवडीचा पाय बरा झाला ते लोक सांगतील. घोरपडीचा विषय तिथं निघेलच असं नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि तासगाव भागातल्या सगळ्या बागायतदारांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

महाशिवरात्रीच्या आसपास आमच्या बांधावर, द्राक्षं पाखरांपासून राखायला लावतो त्या जाळीच्या जुन्या ढिगात ती सापडली. शेपटीसकट चार फुटांचं जनावर. सुटायला जितकी धडपड केली असेल तितका नायलॉनचा धागा आत रुतत गेला होता. एक फास गळ्याला, दुसरा उजव्या पुढच्या पायाच्या बगलेत. पाय सुजून दुप्पट झाला होता आणि बगलेतल्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. ऊन वर आलं होतं आणि भोवती माणसं जमली होती. एकाने तेलासाठी मागितली, संधिवातावर चांगलं असतं म्हणून. दुसऱ्याने मटणाचं नाव काढलं. तिसरा म्हणाला, चावली तर माणूस राहत नाही, लांबूनच मारा. सिंहगडावर चढलेली तानाजीची घोरपड आमच्या पोरासोरांना पाठ आहे, पण बांधावर दिसली की हातात पहिला दगडच येतो. माझ्या दिरांनी वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन लावला आणि मी तुम्हाला.

तुम्ही येऊन पहिली गोष्ट काय केलीत, तर सगळ्यांना मागे सारलंत आणि तिच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकलंत. इतका वेळ गळा फुगवून फुत्कारणारं जनावर त्या अंधारात गप झालं. चावली तर जखम खोल होईल पण माणूस मरत नाही, हे तुम्ही त्या तिसऱ्या गृहस्थांना हात न थांबवता सांगितलंत. आमच्यातल्या एकाने अळ्यांवर ओतायला टर्पेंटाइनची बाटली आणली होती, बैलाच्या जखमेला आपण तेच करतो. ती तुम्ही बाजूला ठेवायला लावलीत. हिच्या कातडीतून ते आत भिनेल, अळ्यांबरोबर हीसुद्धा जाईल, म्हणालात.

मग तुम्ही मातीत मांडी घालून बसलात. जाळी ओढायची नाही, धाग्याखाली बोथट टोकाची कात्री सरकवायची आणि एकेक धागा कापायचा. खवल्यांमध्ये जिथं धागा दिसतही नव्हता तिथं तुम्ही बोटाने चाचपून शोधत होता. गळ्याचा फास सुटला तेव्हा तिने एक लांब श्वास घेतला आणि तिची सगळी कूस वरखाली झाली, ते मी अगदी जवळून पाहिलं. नंतर चिमट्याने अळ्या काढणं, सलाइनने धुणं, पातळ केलेलं आयोडीन. कुणी घाई करायला लागलं की तुम्ही फक्त वर बघायचात.

वनरक्षक आले, पंचनामा झाला. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच हिला, आणि मारली तर सात वर्षांपर्यंत कैद, हे त्यांनी तिथंच सगळ्यांना वाचून दाखवलं. तेल मागणारे गृहस्थ तोवर निघून गेले होते. घरी ठेवणंही कायद्यात बसत नाही, म्हणून रोपवाटिकेतली एक खोली मोकळी करून घेतली. तिथं तुम्ही जे केलंत, ते मला या पत्रात नीट लिहायचं आहे. आमच्यापैकी कुणाला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

आम्हाला वाटत होतं, आता इंजेक्शन, टाके आणि खाऊ घालणं. तुम्ही आधी बल्ब मागितलात. लाकडी खोक्याच्या एका टोकाला बल्ब लावून तिथं ३५ अंशांच्या आसपास ऊब ठेवली आणि दुसरं टोक गार ठेवलं, म्हणजे तिला हवं तिथं सरकता येईल. गायीचं अंग स्वतःच गरम राहतं, हिला ऊब बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचायच्या आधी कुजतं, औषध लागू पडत नाही आणि जखमही भरत नाही. फाल्गुनात आपल्याकडे दुपार तापते पण पहाट गार असते, आणि लाइटचं वेळापत्रक तर सगळ्यांना माहीत आहे. लोडशेडिंगच्या रात्री गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायचं काम तुम्ही वनरक्षकांना शिकवलंत, आणि त्या माणसाने ते मनापासून केलं. त्यांचेही आभार.

पाणी तोंडात ओतायचं नाही, कारण श्वासाची वाट तोंडात पुढेच उघडते आणि पाणी फुफ्फुसात जातं. उथळ परातीत तिला बसू द्यायचं, ती आपली आपण पिईल. ती पिईपर्यंत अन्न नाही. म्हशीला रोज सुई लागते तिथं हिला दोन-तीन दिवसांआड, कारण हिच्या अंगातून औषध फार सावकाश उतरतं. सुई नेहमी पुढच्या पायाला, कारण मागच्या अंगाचं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं. पुढचा एक पाय जायबंदी, म्हणून प्रत्येक सुई डाव्यालाच. तुमचा रोजचा अभ्यास गुरांचा. तरी अंदाजाने काही करायचं नाही म्हणून तुम्ही शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या तुमच्या सरांना फोन करून, वजन सांगून, औषधाची मात्रा विचारून घेतलीत. स्वतः डॉक्टर असून दुसऱ्याला विचारणं तुम्हाला जराही कमीपणाचं वाटलं नाही. आमच्या मुलीने ते पाहिलं याचा मला आनंद आहे.

उजव्या पायाचं एक बोट काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. पालीचं शेपूट पुन्हा येतं, घोरपडीचं तुटलेलं काहीच पुन्हा येत नाही, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी विचारलं होतं की ही बीळ कशी उकरणार. तुम्ही म्हणालात, नख्या अजून पुरेशा आहेत, पायात ताकद येऊ दे. टाके महिना उलटून गेला तरी ठेवलेत. लोक विचारायचे, अजून सोडत का नाही? सरपटणाऱ्या जनावराची कातडी गुरांच्या मानाने फार हळू सांधते, एवढंच तुमचं उत्तर.

पाडव्यानंतर तिने स्वतःहून अंडं खाल्लं. आधी जीभ. ती निळसर, दुभंगलेली, लांब जीभ बाहेर यायची, अंड्यावरून फिरायची, आत जायची. ती जिभेने वास घेते, हे मला तेव्हा कळलं. मग अख्खं अंडं तोंडात धरून, मान वर करून दाबलं आणि कवचासकट गिळलं. त्या दिवशी तुमचा चेहरा कसा झाला होता ते तुम्हाला माहीत नसेल, आम्ही पाहिलं आहे.

सोडायची वेळ आली तेव्हा सागरेश्वरच्या अभयारण्यात नेऊन सोडा असं बरेच जण म्हणाले. मलाही ते बरं वाटत होतं. तुम्ही आणि वनपाल साहेब मात्र ठाम होता. तिची बिळं, वारुळं, पाण्याची जागा तिला इथली ठाऊक आहे, अनोळखी ठिकाणी तिला पहिल्यापासून सगळं शोधावं लागेल आणि आधीच्या घोरपडी तिला थारा देतील असं नाही. म्हणून आमच्याच ओढ्याच्या वरच्या खडकाळ माळावर, सकाळचं ऊन अंगावर घ्यायला वेळ मिळेल अशा बेताने सोडलं. गेली ती वळूनसुद्धा न बघता, चार बोटांच्या पायाने माती उडवत. तुम्ही म्हणालात, आपल्याला घाबरून पळाली, हेच पाहिजे होतं.

मॅडम, म्हशीवर उपचार झाला की दुसऱ्या दिवशी संस्थेत दूध जातं, मालक नाव काढतो. या जनावराला मालक नाही, त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं हाही प्रश्नच. दिवसभर गावोगाव गुरं तपासून संध्याकाळी तुम्ही रोपवाटिकेच्या वाटेला लागायचात, पेट्रोल तुमचं, औषधंही पुष्कळशी तुमच्या पैशाची. मी बेदाण्याचा डबा पाठवला तर तोही परत आला. तुमच्या त्या संध्याकाळी आमच्या हिशोबात कायम राहतील.

तुमच्या सांगण्यावरून बागेत काही गोष्टी बदलल्या आहेत. जाळी खालून वीतभर उचलून ताणून बांधली आहे, आणि माल उतरला की त्याच आठवड्यात गुंडाळून बेदाणा शेडमध्ये टांगायची असं ठरलं आहे. शेजारच्या तिघांनी हेच केलं. बांधावर जाळीचा ढीग दिसला की आमची मुलगी आता गाडी थांबवायला लावते. माळावर घोरपडी असल्या की उंदीर, किडे, खेकडे आटोक्यात राहतात हे पटवायला मला बराच वेळ लागतो, पण लोक ऐकून घेतात, कारण त्यांनी तुम्हाला मातीत बसलेलं पाहिलं आहे.

नव्या गावी रुजू व्हायच्या आधी एकदा घरी जेवायला या. बेदाणा परत केलात तो केलात, आत्याबाईंच्या हातची पुरणपोळी परत करता येणार नाही. येताना वनरक्षकांनाही घेऊन या. दिवस तुम्ही कळवा.

तुमची,
तासगाव तालुक्यातली एक द्राक्ष बागायतदार